‘४८ तासां’चा वाद : फ्लूची गोळी कधी घ्यायची आणि ती वेळेत मिळणार कशी?

पावसाळा सरता सरता आणि पुन्हा जानेवारी ते मार्च, असे वर्षातून दोनदा आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वाढतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालय हे दर हंगामात सांगते आणि मोहल्ल्यातल्या दवाखान्याबाहेरची रांग त्याची साक्ष देते. शाळेत आम्हा शिक्षकांना ते हजेरीपत्रकावरूनच कळते. एका बाकावरची तीन मुले एकाच आठवड्यात गैरहजर राहिली की समजायचे, साथ आली.

या दिवसांत एक प्रश्न घरोघरी विचारला जातो. स्वाइन फ्लूची गोळी, म्हणजे टॅमिफ्लू, लगेच सुरू करायची की थांबायचे? एक डॉक्टर म्हणतात, ४८ तासांच्या आत घेतली तरच उपयोग. दुसरे म्हणतात, आधी रिपोर्ट येऊ द्या. तिसरे म्हणतात, साध्या तापाला असल्या गोळ्यांची गरजच नाही. माणूस गोंधळतो आणि या गोंधळात दोन-तीन दिवस निघून जातात.

गंमत म्हणजे हा गोंधळ फक्त आपल्या गल्लीतला नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी म्हणते की ज्यांना धोका जास्त आहे त्यांना रिपोर्टची वाट न पाहता लवकरात लवकर औषध द्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लूच्या उपचारांचे नवे मार्गदर्शन दिले. त्यात गंभीर रुग्णांसाठी या गोळीची शिफारस आहे, पण साध्या आजारात ती न देण्याकडे कल आहे. दोन्हीकडे जाणकार लोक आहेत, अभ्यासही बहुतांशी तेच आहेत, तरी सल्ला वेगळा. असे का होते आणि यातून आपल्यासारख्या सामान्य घरांनी काय घ्यायचे, ते आज जरा सविस्तर पाहू.

गोळी नेमके काय करते?

टॅमिफ्लू हे कंपनीचे नाव. औषधाचे नाव ऑसेलटॅमिविर. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर १९९९ मध्ये मंजुरी मिळाली. बिर्याणीत आपण जे बादियानचे फूल, म्हणजे चक्रीफूल, टाकतो, त्यातून मिळणाऱ्या शिकिमिक आम्लापासून हे औषध तयार करण्यास सुरुवात झाली. (म्हणून बादियानचा काढा पिऊन फ्लू बरा होतो, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. आम्लापासून औषधापर्यंत रसायनशास्त्राच्या बऱ्याच पायऱ्या आहेत.)

फ्लूचा विषाणू आपल्या घशातल्या, श्वासनलिकेतल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या प्रती काढतो. नव्या प्रती पेशीच्या पृष्ठभागावर चिकटून असतात. त्यांना सोडवून बाहेर काढणारी एक कात्री विषाणूकडे असते, तिचे नाव न्यूरामिनिडेज. ऑसेलटॅमिविर ही कात्री बोथट करते. नवे विषाणू पेशीलाच चिकटून राहतात, पुढच्या पेशीत जाऊ शकत नाहीत.

आता वेळेचा मुद्दा इथेच येतो. फ्लूमध्ये विषाणूंची संख्या लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वात जास्त असते. त्यानंतर शरीराची स्वतःची फौज कामाला लागते आणि विषाणू आपोआप कमी होऊ लागतात. म्हणजे जी कात्री बोथट करायची ती चालत असतानाच औषध पोटात हवे. चौथ्या-पाचव्या दिवशी निरोगी माणसाच्या शरीरात थांबवण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. हे औषध विषाणूची वाढ रोखते. झालेले नुकसान भरून काढणे हे त्याचे काम नाही.

४८ तास आले कुठून?

बरेच लोक समजतात की ४८ तास ही निसर्गाने आखलेली रेघ आहे. तसे नाही. कंपनीने सुरुवातीला ज्या चाचण्या केल्या, त्यांत लक्षणे सुरू होऊन दोन दिवसांपेक्षा कमी काळ झालेल्याच रुग्णांना घेतले होते. त्यामुळे मंजुरीही त्याच मुदतीची मिळाली आणि तीच रेघ डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसली. ४९व्या तासाला औषध निकामी होते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

लवकर घेतल्यास फायदा जास्त, हे मात्र आकड्यांत दिसले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,४२६ रुग्ण होते. ज्यांनी ताप आल्यापासून १२ तासांत गोळी सुरू केली, त्यांचा आजार ४८ तासांनी सुरू करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन दिवसांनी कमी झाला. पण या अभ्यासात सगळ्यांना माहीत होते की आपण खरे औषध घेत आहोत. तुलनेसाठी खोटी गोळी दिलेला गट नव्हता आणि अभ्यास कंपनीशी संबंधित होता. म्हणून हा आकडा थोडा हात राखूनच वाचावा लागतो.

कंपनीचे कागद आणि पाच वर्षांची लढाई

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर झाली, तेव्हा अनेक सरकारांनी या गोळीचे साठे करून ठेवले होते. एकट्या ब्रिटनने टॅमिफ्लूवर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले. हा खर्च कशाच्या भरवशावर? तर गोळीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, या दाव्यावर. दावा आला होता २००३ च्या एका लेखातून, ज्यात कंपनीच्या दहा चाचण्या एकत्र मांडल्या होत्या.

जपानमधले बालरोगतज्ज्ञ केइजी हायाशी यांनी साधा प्रश्न विचारला. या दहापैकी आठ चाचण्या तर वैद्यकीय नियतकालिकांत पूर्ण छापूनच आलेल्या नाहीत, मग त्या तपासल्या कोणी? कॉक्रेन या संस्थेचे संशोधक टॉम जेफरसन आणि त्यांचे सहकारी, तसेच ब्रिटिश मेडिकल जर्नल यांनी रॉश कंपनीकडे मूळ अहवाल मागितले. ते पूर्ण मिळायला २०१३ उजाडले. एप्रिल २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. फ्लूच्या दोन औषधांच्या मिळून ४६ चाचण्या आणि २४ हजारांवर लोक. मोठ्या माणसांत ऑसेलटॅमिविरने लक्षणे सुमारे १७ तासांनी कमी होतात, म्हणजे सात दिवसांचा आजार ६.३ दिवसांवर येतो. रुग्णालयात दाखल होण्यात ठोस फरक दिसला नाही. आणि गोळी घेणाऱ्या दर २२ जणांमागे एकाला जादा उलट्या.

झाले, ‘टॅमिफ्लू म्हणजे फसवणूक’ असे मथळे जगभर आले. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दुसरे विश्लेषण आले. नऊ चाचण्या, ४,३२८ रुग्ण. यात ज्यांना प्रयोगशाळेत खरोखर फ्लू सिद्ध झाला होता, त्यांचा हिशोब वेगळा केला. त्यांचा आजार सुमारे २५ तासांनी कमी झाला. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आले. म्हणजे शंभर रुग्णांमागे साधारण एक जण वाचला. या अभ्यासाला रॉशच्या निधीचा आधार होता, हेही सांगायला हवे. पुन्हा २०२३ मध्ये १५ चाचण्यांचा नवा आढावा आला आणि त्यात घरी उपचार घेणाऱ्यांच्या रुग्णालयात जाण्यात ठोस घट सापडली नाही.

दोघांच्या हिशोबात फरक का पडला, ते समजले की सगळा वाद समजतो. फ्लूसारखा दिसणारा प्रत्येक ताप फ्लू नसतो. डझनभर वेगळे विषाणू तेच अंगदुखी-खोकला-ताप देतात आणि त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. ‘फ्लूसारखा ताप’ असलेल्या सगळ्यांना मोजले की फायदा पातळ होतो. खऱ्या फ्लूवाल्यांनाच मोजले की फायदा दिसतो. पण पहिल्या दिवशी रुग्ण समोर बसलेला असताना तो कोणत्या गटातला आहे, हे डॉक्टरला कसे कळणार? कळण्यासाठी तपासणी हवी, तपासणीला वेळ लागतो आणि औषधाची वेळ तर त्याच दोन दिवसांत असते. वादाचे मूळ इथे आहे.

गंभीर रुग्णांचा हिशोब वेगळा

आतापर्यंतच्या बहुतेक चाचण्या बऱ्यापैकी निरोगी, घरी राहून बरे होणाऱ्या लोकांवरच्या होत्या. पण आपल्याला भीती असते ती ऑक्सिजन लागण्याची, जीव जाण्याची. त्याबद्दलचा सर्वात मोठा अभ्यास २०१४ चा आहे. ३८ देशांतले, २००९ च्या विषाणूने रुग्णालयात दाखल झालेले २९,२३४ रुग्ण त्यात होते. ज्यांना दोन दिवसांच्या आत औषध सुरू झाले, त्यांच्यात मृत्यूची शक्यता उशिरा सुरू झालेल्यांच्या जवळजवळ निम्मी होती.

गरोदर स्त्रियांचे चित्र त्याहून बोलके. २००९ च्या साथीत अमेरिकेत लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का असलेल्या गरोदर महिला मृतांमध्ये सुमारे ५ टक्के होत्या. तिथल्याच अभ्यासात दोन दिवसांत औषध मिळालेल्या गरोदर महिलांपैकी ९.४ टक्के अतिदक्षता विभागात गेल्या. चार दिवसांनंतर मिळालेल्यांपैकी ५६.९ टक्के.

यावर टीकाकारांचे म्हणणे ऐकायला हवे, कारण ते चुकीचे नाही. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. नाणेफेक करून अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना खोटी गोळी, असे यात केलेले नाही. ज्याला पहिल्या दोन दिवसांत औषध मिळते, तो बहुधा रुग्णालयाजवळ राहणारा, पैसे असलेला, घरात जागरूक माणूस असलेला असतो. उशिरा मिळणारा दुरून, आधीच बिघडलेल्या अवस्थेत येतो. मग जीव कशाने वाचला, गोळीने की परिस्थितीने? संशोधक आकडेमोड करून हा फरक काढण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघत नाही. दुसरीकडे, मरणाच्या दारातल्या रुग्णांना खोटी गोळी देऊन चाचणी करायला कोणाचे मन तयार होणार? त्यामुळे पक्का पुरावा लवकर हाती येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही गंभीर रुग्णांसाठी ‘द्या’ म्हटले आहे ते पुरावा कमकुवत आहे, हे मान्य करूनच.

ढाक्याच्या वस्तीने काय शिकवले?

आपल्या परिस्थितीशी जवळचा एक अभ्यास बांगलादेशात झाला. ढाक्यातला कमलापूर हा दाट वस्तीचा, गरीब भाग. २००८ ते २०१० दरम्यान तिथल्या १,१९० फ्लूच्या रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि त्यात ४८ तास उलटून गेलेल्यांनाही मुद्दाम घेतले. औषध घेतलेल्यांचा आजार चार दिवसांऐवजी तीन दिवसांवर आला. हा फायदा मुख्यतः लवकर घेणाऱ्यांना झाला. पण उशिरा घेणाऱ्यांच्याही घशातला विषाणू काही प्रमाणात लवकर कमी झाला. एका खोलीत सात-आठ माणसे झोपणाऱ्या घरात याला किंमत आहे.

युरोपातल्या १५ देशांत ३,२६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. सरासरी फायदा एक दिवसाचा. पण ज्यांचे वय ६५ च्या पुढे, आधीच काही आजार, तब्येत जास्त बिघडलेली आणि लक्षणे दोन-तीन दिवसांपासून असलेली, अशांना फायदा तीन दिवसांच्या आसपास मिळाला. म्हणजे वयस्कर आणि आजारी माणसाला ‘आता ४८ तास झाले, उपयोग नाही’ म्हणून परत पाठवणे योग्य नाही.

रेमडेसिविरच्या रांगा आठवतात?

एप्रिल २०२१. महाराष्ट्रात क्वचितच एखादे घर असेल जिथे रेमडेसिविरसाठी फोनाफोनी झाली नाही. लोकांनी दागिने विकले, काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजली. केंद्र सरकारला ११ एप्रिल रोजी या इंजेक्शनची निर्यात थांबवावी लागली. आणि हे सगळे कोणासाठी? बहुतेक वेळा ज्याचा ऑक्सिजन खाली गेला आहे, आजाराचा आठवा-दहावा दिवस आहे, अशा रुग्णासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते की रुग्णालयात दाखल रुग्णांचे मृत्यू या इंजेक्शनने कमी होत असल्याचा पुरावा नाही. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. धोका जास्त असलेले, पण अजून दाखल न झालेले ५६२ रुग्ण, लक्षणे सुरू होऊन सात दिवसांच्या आत, तीन दिवस तेच इंजेक्शन. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी. औषध तेच, वेळ बदलली आणि निकाल बदलला.

डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडची गोष्ट याच्या बरोबर उलटी. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांश कमी होतात, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही. कारण कोविडचा पहिला आठवडा विषाणूचा असतो आणि दुसरा आठवडा शरीराच्या भडकलेल्या प्रतिकाराचा. विषाणूविरोधी औषध पहिल्या आठवड्यात हवे, स्टेरॉइड गरज पडली तर दुसऱ्यात. आपल्याकडे कित्येकांना स्टेरॉइड पहिल्या दिवशी आणि रेमडेसिविर दहाव्या दिवशी मिळाले. आणि कोविडमध्ये चालले म्हणून फ्लूमध्येही चालेल, असे नाही. २०२४ च्या मार्गदर्शनात गंभीर फ्लूमध्ये स्टेरॉइड न देण्याकडेच संघटनेचा कल आहे. ‘ताकदीचे इंजेक्शन द्या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

भारताचा नियम काय सांगतो?

आपल्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन गट केले आहेत आणि हा नियम साधा आहे.

‘अ’ गट : सौम्य ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी. तपासणी नको, टॅमिफ्लू नको. घरी आराम, तापाची साधी गोळी, इतरांपासून अंतर. २४ ते ४८ तासांत डॉक्टरांनी पुन्हा पाहायचे.

‘ब’ गट : खूप ताप आणि घशाला जास्त त्रास, किंवा ताप सौम्य असला तरी रुग्ण धोक्याच्या गटातला. गरोदर स्त्री, ६५ च्या पुढचे वय, मधुमेह, दमा, हृदय-मूत्रपिंड-यकृताचे आजार, कर्करोग, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, आधीच आजार असलेली लहान मुले. अशांना घरीच औषध सुरू करायचे. तपासणीची गरज नाही.

‘क’ गट : धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे, लहान मूल दूध-जेवण न घेणे. लगेच दाखल करायचे, तपासणी करायची आणि औषध त्याच वेळी सुरू करायचे, रिपोर्टसाठी थांबायचे नाही.

म्हणजे ‘आधी रिपोर्ट आणा, मग गोळी’ हे वाक्य ‘ब’ गटाला सांगणेच नियमाला धरून नाही.

औषध मिळण्याबाबतही परिस्थिती बदलली आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूने झालेला तो देशातला पहिला मृत्यू होता. उपचाराला उशीर झाला का, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. पुण्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्या वेळी ही गोळी फक्त सरकारी व्यवस्थेतून मिळे. सप्टेंबर २००९ मध्ये दुकानांत विक्रीची परवानगी आली, पण ‘शेड्यूल एक्स’च्या कडक अटींसह. चिठ्ठीच्या दोन प्रती, वेगळा परवाना. त्यामुळे मोजकीच दुकाने ती ठेवत. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती ‘शेड्यूल एच-१’मध्ये आली. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या औषधाच्या दुकानात ती मिळू शकते. सरकारी रुग्णालयात मोफत आहे.

तरीही २०१५ मध्ये देशात एच-१-एन-१ चे ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू झाले. २०१७ मध्ये, नियम सैल झाला त्याच वर्षी, महाराष्ट्रात साडेसातशेहून अधिक लोक गेले. कागदावर औषध मोकळे झाले म्हणून ते माणसापर्यंत वेळेत पोहोचते, असे नाही.

मोहल्ल्यातले घड्याळ

समजा, घरातल्या दादींना मधुमेह आहे. रविवारी रात्री ताप चढला. सोमवारी घरातलीच तापाची गोळी. मंगळवारी गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांकडे. त्यांनी एक अँटिबायोटिक आणि एक इंजेक्शन दिले. मंगळवारच्या रात्री ४८ तास पूर्ण झाले आणि टॅमिफ्लूचे नावही अजून निघालेले नाही. बुधवारी ताप तसाच, पण मुलाची दिहाडी बुडते म्हणून वाट पाहिली. गुरुवारी दम लागला, मोठ्या रुग्णालयात नेले, नमुना घेतला. शुक्रवारी रिपोर्ट आला आणि संध्याकाळी पहिली गोळी. पाचवा दिवस.

या साखळीत कोणी एक गुन्हेगार नाही. गल्लीतला डॉक्टर, मग तो एमबीबीएस असो की बीयूएमएस, तोच आपला पहिला आधार आहे. रात्री अकरा वाजता दार उघडणारा तोच. पण अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे त्यालाही माहीत असते. मार्च २०२३ मध्ये एच-३-एन-२ च्या साथीत इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना हेच जाहीरपणे सांगितले होते. रुग्ण ‘काहीतरी द्या’ म्हणतो आणि डॉक्टर देतो. दोघांची सवय.

गरोदर सुनेच्या बाबतीत घड्याळ आणखी हळू चालते. ‘या दिवसांत गोळ्या नकोत’ असे घरातले मोठे म्हणतात, निर्णय शौहर कामावरून आल्यावर होतो, सोबत जायला कोणी नसते. वरचे गरोदर महिलांचे आकडे अशा घरांनी पुन्हा एकदा वाचावेत.

मग सगळ्यांनाच पहिल्या दिवशी गोळी द्यावी का? तेही नाही. उलट्या होतात, पैसे वाया जातात आणि मोठा धोका म्हणजे विषाणू गोळीला सरावतो. २००८-०९ च्या हंगामात तेव्हाचा नेहमीचा एच-१-एन-१ विषाणू जगात बहुतेक ठिकाणी या गोळीला दाद देईनासा झाला होता. नशिबाने २००९ च्या साथीचा विषाणू वेगळा होता आणि त्यावर गोळी चालली. नशिबावर दरवेळी विसंबता येत नाही.

मग करायचे काय?

दोन्ही बाजूंचा पुरावा समोर ठेवला तर माझ्या मते भांडण दिसते तेवढे मोठे नाही. तरुण, निरोगी माणसाला गोळी नसली तरी चालते, यावर जवळपास एकमत आहे. गंभीर रुग्णाला द्यावी, यावरही आहे. खरा मतभेद मधल्या गटाचा आहे, वयस्कर आणि जुन्या आजाराच्या, पण अजून गंभीर नसलेल्या लोकांचा. जागतिक संघटना त्यांच्यासाठी आता बॅलॉक्सविर या एका डोसच्या नव्या औषधाकडे झुकते. भारताचा नियम ऑसेलटॅमिविर द्या म्हणतो. आपल्या हाताशी जे मोफत औषध आहे, त्याचा धोका उलटीपुरता आहे आणि उशिराची किंमत जिवाची असू शकते. म्हणून या गटासाठी भारताचा नियमच शहाणपणाचा वाटतो. फक्त तो पाळला गेला पाहिजे.

सरकारकडे मागणी एकच आणि स्वस्त आहे. साथीच्या महिन्यांत ही गोळी जिल्हा रुग्णालयापुरती न ठेवता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात आणि ‘आपला दवाखाना’मध्ये, संध्याकाळच्या वेळीही मिळावी. ‘अ-ब-क’चा तक्ता मराठी आणि उर्दूत प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागावा. खासगी डॉक्टरांच्या संघटनांना, युनानी डॉक्टरांसह, हंगामापूर्वी एकदा बोलावून हा नियम समजावून द्यावा.

शाळांनी ताप असलेल्या मुलाला वर्गात बसवण्याचा हट्ट सोडावा. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी आईबाप तापाची गोळी देऊन मूल पाठवतात आणि मग सगळा वर्ग पडतो. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये, हेही पालकसभेत सांगायला हवे. फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृताला इजा होण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो.

घरांनी आजच एक यादी करावी. आपल्या घरात ‘ब’ गटातले कोण आहे? नानी, दादा, गरोदर बहीण, दम्याचा मुलगा. त्यांना हंगामात ताप-खोकला आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे आणि ताप किती वाजता सुरू झाला, ते सांगायचे. ‘डॉक्टरसाहेब, यांना मधुमेह आहे, फ्लूची गोळी लागेल का?’ एवढे विचारायला संकोच नको. डोस डॉक्टरच ठरवतील. मोठ्यांना सहसा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनावर आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कमी. स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नये आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

आणि ज्या उपायात तासांचा वाद नाही, तो म्हणजे लस. हजला जाणाऱ्या ज्येष्ठांना मेनिन्जायटिससोबत फ्लूची लसही टोचली जाते, कारण तिथल्या गर्दीत श्वसनाचे आजार झपाट्याने पसरतात. ज्या अब्बांना हजसाठी ही लस गरजेची वाटते, त्यांना मालेगाव-भिवंडीच्या किंवा मुंब्र्याच्या गर्दीत ती गरजेची का वाटू नये? ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो.

संशोधकांचा वाद चालू राहील, राहू द्या. नवे आकडे येतील, सल्ला थोडाफार बदलेल. आपल्याला त्यातून उचलायचे एवढेच : धोक्याच्या गटातल्या माणसाचा पहिला दिवस वाया घालवायचा नाही, धाप लागली तर रिपोर्टसाठी थांबायचे नाही आणि उशीर झाला असला तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसायचे नाही. दुआ जरूर करावी, पण दवाखान्याच्या रस्त्याला लागूनच करावी.